मोजायचं, वाचायचं नाही

सुक्रे, ११ ऑगस्ट १९९७

नोएमी,

दोन वर्षांनी पत्र पाठवलंस, तेही आईला, आणि तेही इंग्रजीत! जिला स्वतःचं नाव लिहिताना जीभ बाहेर काढावी लागते, तिला चार पानं इंग्रजी, दोन्ही बाजूंनी भरलेली. तिकडे व्हर्जिनियात म्हाताऱ्या बायकांना आंघोळी घालता घालता तुझी अक्कलही वाहून गेली की काय?

पण नाही, तू पहिल्यापासून हुशार. तुला माहीत होतं की पाकीट हातात पडलं की तुझी आई, दोन्या एर्मिनिया, कणकेचे हात पोल्येऱ्याला, त्या घेरदार घागऱ्याला, पुसत माझ्याकडे येईल. पाकिटावर नाव तिचं, पण पत्र मला वाचायला लावलंस. ती भर वर्गात येऊन उभी राहिली, छातीशी पाकीट धरून. म्हणाली, "पोरी, माझ्या पोरीनं काय लिहिलंय ते वाच." माझी मुलं हसली. तुझ्या वेळी वर्ग हसला होता तेवढी नाही.

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात बसून मी वाचलं. ती रस्सा भरलेल्या साल्तेन्यांच्या कडा मुरडत होती, उद्याच्या दीडशे. तुझी माफी, तिकडचं बर्फ, तुझी ती बहिरी मालकीण, सगळं. शेवटच्या पानावर तू विचारलंयस की येत्या तोदोस सान्तोसला, मेलेल्यांच्या दिवसाला, घरी येऊ का, आईनं एक शब्द कळवावा, हो किंवा नाही. ती नुसती कडा मुरडत राहिली. आता वाचणारीनं काय करावं?

मी बरी आहे. लेदेस्मा सर निवृत्त होऊन तारिखाला गेले, दहा मिनिटांचा वर्ग आता मी घेते. डिसेंबरात कायम जागेची परीक्षा आहे. दुपारचं जेवण तुझ्या आईकडे असतं. खिडकीपाशी तुझी खुर्ची होती ना, तिचा पाय मी दुरुस्त करून घेतला.

सुल्मा


सुक्रे, ६ सप्टेंबर १९९७

नोएमी,

तुझी दोन पत्रं एकदम आली. एक आईला, एक मला, विद्यापीठातल्या इंग्रजी विभागाच्या पत्त्यावर. मला लिहिलेलं फारच ओघवतं आहे. इतक्या शिव्या आणि एकही खाडाखोड नाही! सर असते तर भिंतीवर लावलं असतं.

तू विचारतेस, मी तसं का केलं. बाई, आधी काय केलं ते तरी नीट आठव.

सरांचे नियम आठव. हिरवं गजराचं घड्याळ, मोडक्या पायाखाली काडेपेटी. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही. शब्द सुचला नाही तर शेवटचाच शब्द परत परत लिहायचा, पुढचा येईपर्यंत. गजर झाला की वही जोडीदाराला द्यायची. जोडीदारानं शब्द मोजून आकडा खाली लिहायचा. आणि सरांचं ते वाक्य: "मोजायचं, वाचायचं नाही. कुणी वाचणार नाही असं समजून लिहाल तेव्हाच हात मोकळा होईल."

तीन वर्षं मी तुझी जोडीदार होते. अडतीस शब्दांवरून तू दोनशे नव्वदवर गेलीस. मी एकशे बाराच्या पुढे कधी सरकले नाही, कारण प्रत्येक शब्द कागदावर सोडण्याआधी मी त्याची झडती घ्यायचे. सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सुल्मा न्यायाधीशासाठी लिहिते, नोएमी नळ सोडते." वर्ग काय हसला! तूही हसलीस.

आणि न वाचता शब्द मोजणारा माणूस तू पाहिलायस का? मी तरी नाही पाहिला.

तू लिहायचीस की आई दहा वाजता विभागाच्या दाराशी साल्तेन्या विकायला येते तेव्हा तुझे कान तापतात. तिची वेणी, तिची टोपी, तो घेर. मुलींनी विचारलं तेव्हा तू सांगितलंस, "ती होय? आमच्याकडे स्वयंपाकाला आहे." हे तू एकदा नाही, अकरा वेळा लिहिलंयस. मोजलंय मी. दर वेळी खाली रडलीस आणि दर वेळी आकडा वाढला.

तुला वाटलं, इंग्रजीतली वही घरातल्या घरात तिजोरीसारखी सुरक्षित. होतीच. पण एके दिवशी तुझी आई ती वही पदराखालून काढावी तशी शालीखालून काढते आणि मला म्हणते, "माझी पोर रात्रंदिवस काय लिहिते गं एवढं? जरा वाचून दाखव, कानाला बरं वाटेल." मी त्या बाईच्या टेबलावर सहा वर्षं जेवले. माझी स्वतःची आई मला मावशीकडे टाकून सांताक्रूझला गेली ती गेलीच. मला सोन्यासारखी आई दुसऱ्याच्या घरात बसून बघावी लागत होती, आणि तू तिला स्वयंपाकीण म्हणत होतीस. मी वाचलं. जसंच्या तसं वाचलं, एक शब्द पदरचा घातला नाही. ते भाषांतर माझं सगळ्यात चांगलं काम आहे.

पुढचं तिनं केलं, मी नाही. सहायकाच्या जागेच्या परीक्षेला, घड्याळ लावून दोन मिनिटं होत नाहीत तोच ती दारात उभी. जांभळी मखमली पोल्येरा, सोन्याची कर्णफुलं, हातात परात. "माफ करा सर, मी नोएमीबाईंची स्वयंपाकीण. बाई न खाताच निघाल्या घरून." तुझ्या कागदावर नऊ शब्द होते. शेवटचा शब्द चार वेळा लिहिलेला होता, म्हणजे खरं तर सहाच.

जागा मला मिळाली. एकशे बारा शब्दांत.

आईनं अजून उत्तर दिलेलं नाही. देईल तेव्हा कळवीन.

सुल्मा


सुक्रे, २८ सप्टेंबर १९९७

नोएमी,

उत्तर मिळालं. तिनं सांगितलं तसं लिहिते, माझ्यावर राग काढू नकोस:

"येऊ नकोस. स्वयंपाकिणीला मुलगी नसते. मेलेल्यांच्या दिवशी मेलेल्यांनी यावं, जिवंतांनी तोंड दाखवू नये."

एवढंच. मी म्हटलं, दोन्या एर्मिनिया, थोडं मऊ लिहू का? तर म्हणाली, नको.

तू सवयीप्रमाणे रडशील. रड. पण मागे लागू नकोस, तिचा रक्तदाब वाढतो. तशी ती बरी आहे. मागच्या खोलीला पांढरा रंग काढला, बहुतेक भाडेकरू ठेवायचा असेल. सुक्या पीचचं तुझं आवडतं सरबत करण्यासाठी दोन किलो पीच आणून वाळत घातलेत. कुणासाठी, मी विचारलं नाही. मला पीच चालत नाही हे तिला ठाऊक आहे.

पुढची पत्रं विभागाच्या पत्त्यावरच पाठव. ती पाकीट पाहून दिवसभर काम करत नाही आणि साल्तेन्या करपतात.

सुल्मा


सुक्रे, १९ ऑक्टोबर १९९७

नोएमी,

तुझं पत्र विभागात मिळालं. अर्धं पानही नाही. त्रेचाळीस शब्द, सवयीनं मोजले.

ठीक आहे. तू म्हणतेस आईचं म्हणणं तू ऐकशील. ३१ तारखेला ते घर सोडतेस, त्या मालकिणीबरोबर दूर कुठेतरी जातेस, नवा पत्ता कुणालाच देणार नाहीस. शहाणपणाचं केलंस. तुझा निरोप आईला सांगते.

हल्ली ती मला रोज विचारते, पोस्टमन आला का. आणि तिच्या गाड्यावर एक परदेशी बाई येते, नाक उन्हानं सोललेलं, स्पॅनिश शिकायला आलीय तीन आठवडे. साल्तेन्या कशी खायची ते तुझ्या आईनं तिला शिकवलं, रस्सा न सांडता. दोघी तासन्‌तास बोलतात. कशाबद्दल ते मला कळत नाही. मी जवळ गेले की थांबतात.

सुल्मा


सुक्रे, १ नोव्हेंबर १९९७

नोएमी,

कालपासून तुझा पत्ता मेला. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते.

आज दुपारी बाराला, आत्मे येतात त्या वेळी, मी तुझ्या घरी गेले. दरवर्षी जाते, तुझ्या वडिलांसाठी दोन प्रार्थना म्हणते, पाव घेते, जेवते. दार सताड उघडं होतं. काळं कापड, उसाची कमान, मेणबत्त्या, गल्लीतली माणसं भिंतीला टेकून बसलेली. मेसावर, गेलेल्याच्या आवडीचं मांडतात त्या टेबलावर, शेवयांचं तिखट कालवण ठेवलेलं. मनात म्हटलं, हे तर माझं आवडतं, तुझे वडील शेवयांना शिवत नसत.

मग पावाचं बाळ दिसलं, गेलेल्याच्या रूपाचं करतात ते. हातभर लांब, रंगवलेला चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर सुरीनं कोरलेला चष्मा. मागे फोटो होता. तुझ्या-माझ्या वर्गातल्या फोटोचा अर्धा भाग, कात्रीनं कापलेला. माझा अर्धा.

कोपऱ्यावरचे डॉन कास्तो नुकतेच आले होते. टोपी काढून म्हणाले, "देव सांभाळो. कोण गेलं एर्मिनिया?"

"माझी एक पोर."

"कोणती?"

"सुल्मा बार्रोन."

"अगं काय बोलतेस! ती ही काय दारात उभी आहे!"

"ती होय?" तुझी आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ती वाचून दाखवणारी बाई आहे. माझी सुल्मा गेली. सहा वर्षं माझ्या हातचं खाल्लं तिनं, गोड पोर होती. बसा, प्रार्थना म्हणा."

आणि माणसं बसली गं. कुणी हसलं नाही. मेसा मांडलीय तर प्रार्थना म्हणायची, एवढंच त्यांना कळतं. डॉन कास्तो माझ्याकडे न बघता माझ्या आत्म्याला शांती मागत होते.

मी म्हटलं, "दोन्या एर्मिनिया, काय चाललंय हे?"

ती कणीक मळताना बोलते तशीच बोलली, आवाज न चढवता. "चार पानं होती, दोन्ही बाजूंनी. तू वाचलंस तेवढ्या वेळात माझ्या बारा साल्तेन्या मुरडून झाल्या. बारा! मला अक्षर येत नाही पोरी, पण चाळीस वर्षं मी मोजतेय. चार पानांत बाराच साल्तेन्या कशा? म्हणून त्या ग्रिंगाला, त्या परदेशी बाईला, दाखवलं. तिची स्पॅनिश मोडकी. म्हणाली, 'आई, मी मागते माफ. मी येऊ, दिवस मेलेल्यांचा? आई सांग एक शब्द.' तुझ्यासारखं छान नाही वाचलं तिनं. पण वाचलं."

मग म्हणाली, "मी तुला काय सांगितलं होतं लिहायला? परत म्हण."

मला म्हणावं लागलं, सगळ्यांसमोर. "ये. खोली रंगवलीय."

"हं," ती म्हणाली. "आता तूही गुडघ्यावर बस. जो प्रार्थना म्हणेल त्याला पाव."

मी बसले. स्वतःच्या आत्म्यासाठी तीन प्रार्थना म्हटल्या आणि तिनं इतरांना दिला तेवढाच पाव मलाही दिला. उद्या दुपारी आत्म्यांना निरोप देताना हजर राहायचं, घड्याळ घेऊन. तुला पत्र लिहायचंय. तुझ्या त्या इंग्रजीत, पेन न थांबवता.

तू ते घर सोडलंस, हे तिला माहीत नाही. ते पत्र विभागात आलं होतं. माझ्या खणात आहे.

सुल्मा


सुक्रे, २ नोव्हेंबर १९९७. दहा मिनिटं.

नोएमी घड्याळ टेबलावर आहे काडेपेटी तीच आहे तुझी आई समोर बसली आहे आणि ती म्हणाली मी वाचून घेणार नाही, फक्त मोजणार, तुमच्या सरांचा नियम मी पाळते, तुझ्यासारखी मी नाही. ती ग्रिंगा परवा पोतोसीला गेली. म्हणजे हे कोणी वाचणार नाही कोणी कोणी कोणी वाचणार नाही. तुझ्या आईनं ये म्हटलं होतं. आपणहून म्हटलं. मी पहिल्या पत्रातला प्रश्न तिला वाचून दाखवला नाही, मी म्हटलं तू मजेत आहेस आणि तुला घाई आहे. दुसऱ्या पत्रानंतर तिनं स्वतःच विचारलं, ती येईल का गं, आणि म्हणाली, लिही, ये, खोली रंगवलीय, मी रागावले होते तेव्हा, आता नाही, मी पण वाईट वागले, भर वर्गात पोरीचं हसू केलं. हे सगळं तिनं सांगितलं आणि मी मान डोलावत दुसरंच लिहिलं. स्वयंपाकिणीला मुलगी नसते हे वाक्य माझं आहे. चांगलं वाक्य आहे. तुला खरं वाटलं कारण तू तेच ऐकायला घाबरत होतीस, मी तुझी वही वाचली आहे मला माहीत आहे तू कशाला घाबरतेस. आणि एक खोटं आणखी. वही तिनं मला दिली नव्हती. मी तुझ्या पिशवीतून काढली आणि मीच म्हटलं, दोन्या एर्मिनिया, ऐकायचंय का तुमची मुलगी काय लिहिते. ती हात धुऊन बसली होती ऐकायला, केस नीट केले होते. मला जागा हवी होती पण जागेसाठी नाही केलं. मला खुर्ची हवी होती. खिडकीपाशी. तू आलीस की मी उठणार. मला उठायचं नव्हतं नव्हतं नव्हतं. आता कालपासून तिथं पावाचं बाळ आहे माझ्या चष्म्याचं आणि मी पाहुण्यांच्या बाकावर आहे. ती माझ्या हाताकडे बघते आहे. हात चालतो आहे. इतका कधी चालला नव्हता. ती समजते मी माफी मागते आहे. पत्ता पत्ता पत्ता मेलाय हे मी तिला सांगितलं नाही. तू तिथं नाहीस. आता सांगू शकते, तोंड उघडायचं आणि म्हणायचं, ती गेली, तिनं पत्ता दिला नाही. म्हणजे ती मला हाकलेल. हाकललंच आहे. तरी सांगत नाही. तरी तरी तरी का ते मला कळत नाही, हो कळतं, तिला वाट बघताना बघायचं आहे मला, मी सहा वर्षं बघितली तशी. तिनं एक पीच उचलून माझ्यापुढे ठेवला तिला माहीत आहे मला चालत नाही


त्याच दिवशी, गजरानंतर.

हा कागद त्या पाकिटात नाही.

तिनं ऑलिव्ह घेऊन मोजलं. साल्तेन्यात एकेक घालते ना, ती बरणी समोर ओढली. एका शब्दाला एक ऑलिव्ह, या वाटीतून त्या वाटीत. वाटी भरली की परत पहिलीत ओतून खडूची रेघ. तासभर लागला. मी हललेही नाही.

"तीनशे अकरा," ती म्हणाली. "माझ्या पोरीचे किती होते?"

"दोनशे नव्वद."

"बघ. खरं लिहिलं की हात चालतो." तिनं पाकीट स्वतः जिभेनं ओलं केलं आणि मुठीनं दाबलं, कडा दाबते तसं. "किती दिवसांत पोचेल?"

"पंधरा."

तिनं बोटांवर हिशोब केला. "म्हणजे नाताळला येईल ती. येईल ना?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. "येईल," म्हटलं.

मग तिनं मेसा मोडली. मेणबत्त्या विझवल्या, ऊस मोडून वाटला, माझ्या बाळाचं डोकं तोडून डॉन कास्तोंना दिलं. मला दारापर्यंत आणून सोडलं आणि आत्म्यांना म्हणतात तेच म्हणाली, "जा आता. ये पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी म्हणजे पुढच्या वर्षीच, त्याआधी नाही, हे तिनं डोळ्यांनी सांगितलं.

पोस्टात काउंटरवरच्या बाईनं पाकीट उलटं करून पाहिलं. "पाठवणाऱ्याचा पत्ता नाही घातलात. कुणी सापडलं नाही तर परत कुठे पाठवायचं? घरचा घाला."

घरचा म्हणजे तुझ्या आईचा. ते पाकीट जानेवारीत, फार तर फेब्रुवारीत, शिक्का मारून तिच्या हातात परत आलं असतं आणि तू तिथं नाहीस हे तिला कळलं असतं.

पेन काउंटरला दोरीनं बांधलेलं होतं. मी ते हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि खाली ठेवलं. "राहू दे," म्हटलं, "पोचेल." तिनं खांदे उडवले आणि मागची बाजू कोरी असलेलं पाकीट पोत्यात टाकलं.